ठासणीचा बार आणि घरातलं काडतूस

सोयाबीन दाण्यावर आलं, हरभऱ्याला घाटे धरले की वाशीम जिल्ह्यात जागल सुरू होते. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप शिरला तर रात्रीतून धुरे तुडवून जातो. रानडुकरांना तर खाण्यापेक्षा उकरण्याचीच हौस जास्त. आज शेतकऱ्याच्या हाताशी झटका मशीन असतं, फटाके असतात, पत्र्याचे डबे असतात. बंदूक फारच थोड्यांकडे. कायद्याच्या पुस्तकात मात्र या जागलकऱ्याची बंदूक अजून शाबूत आहे, तीही जुन्या घडणीची. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं १३ वं कलम पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन उल्लेख करतं. ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. (परवाना हातात आला म्हणजे रोही मारायची मुभा मिळाली असं नव्हे. त्यासाठी वन खात्याची परवानगी वेगळी लागते.)

याच कायद्याच्या ५ व्या कलमानुसार विनापरवाना काडतूस तयार करणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची कैद, आणि कमाल जन्मठेप. म्हणजे जुन्या बंदुकीवाला प्रत्येक बार आपल्या हाताने भरतो आणि ते कायदेशीर असतं. नव्या बंदुकीवाल्याने तेच जिन्नस पितळेच्या नळीत घरी भरले तर तो कारखानदार ठरतो. बंदुकीची दारू घरी बनवायची मुभा दोघांनाही नाही, पण ठासणीवाला ती मोजतो, ओततो, ठासतो स्वतःच. हा विचित्रपणा कळायचा तर काडतुसाच्या कुळात थोडं मागे जायला हवं.

बार भरणं हे एके काळी बंदूक चालवण्यातलं अर्ध्याहून अधिक काम होतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. तोड्याच्या बंदुकीला याशिवाय कानाजवळ रंजक (पेटवणाची बारीक दारू) घालावी लागे आणि पेटता तोडा सांभाळावा लागे. एका हाताशी जळती वात आणि दुसऱ्या हाताशी दारूची थैली, अशी ती कसरत. पावसाळ्यात तर सगळंच बेभरवशाचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या जागेपासून लांब ठेवावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी माल बाहेर काढून त्याला ऊन दाखवावं, अशी ताकीद आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा मजकूर. किल्ल्यावरच्या हवालदाराला दमट दारूने किती घाम फोडला असेल ते त्यावरून समजतं.

युरोपातल्या सैन्यांनी या कटकटीवर कागदाचा तोडगा काढला. एका बाराची मोजलेली दारू आणि गोळी कागदात आधीच गुंडाळून ठेवायची. लढाईच्या धुरात मोजमाप करत बसायचं नाही, पुडी दातांनी फाडायची आणि ओतायची. काडतुसाचा पहिला अवतार हा एवढाच, कागदाची पुडी. त्यात दारू पेटवणारं काहीच नव्हतं, ठिणगी बाहेरूनच यायची. वऱ्हाडात या पुड्यांनी मोठी लढाई लढली ती २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, अडगावला. आजच्या अकोला जिल्ह्यातलं, इंग्रजी इतिहासात ‘अरगाव’ म्हणून नोंदलेलं हे गाव. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतले मद्रासचे शिपाई चकमकीच्या बंदुका आणि कमरेला काडतुसांच्या पेट्या घेऊन आले होते. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा त्यातल्या काही पलटणी आधी मागेही पळाल्या, वेलस्लीने त्यांना स्वतः सावरलं.

पुडी दातांनी फाडायची, ही साधी कवायत पुढे काय करून गेली ते सर्वांना ठाऊक आहे. १८५३ च्या एन्फिल्ड बंदुकीच्या पुडीला चरबी लावलेली होती, ती कशाची यावरून १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली आणि मार्चअखेर बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी काडतुसांची ही हकिकत सांगितली आहे. मला त्यात गंमत वाटते ती ही की काडतूस म्हणजे काय हे वाचकाला ठाऊक आहे असं ते धरून चालतात. एव्हाना ते घरोघरी पोचलेलं होतं, निदान चर्चेपुरतं तरी.

इंग्रजी फौजेची ही पुडी पुढे संपली, त्याची सुरुवात मात्र आधीच एका पाद्र्याने केली होती. स्कॉटलंडचे अलेक्झांडर फोर्साइथ बदकांच्या शिकारीचे शौकीन होते. चकमकीची ठिणगी दिसली की पक्षी उडून जायचे, म्हणून त्यांनी ठोका बसताच पेटणारं मिश्रण वापरून पाहिलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्यातून तांब्याची टोपी आली. ठासणीच्या बंदुकीला टोपी बसवली की रंजक गेली, तोडा गेला. १८१२ मध्ये पॅरिसला राहणाऱ्या पाउली नावाच्या स्विस कारागिराने दारू, गोळी आणि पेटवण एकाच बुडाला बांधलेल्या काडतुसाचं पेटंट घेतलं. पण ते सैन्यांच्या अंगवळणी पडायला अर्धं शतक गेलं. १८६६ च्या सुमारास वुलविचच्या एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याचं पितळी काडतूस आलं, आणि त्याच सुमारास हायरम बर्डन या अमेरिकनाने आपल्या रचनेची टोपी आणली. बॉक्सरच्या रचनेत काडतुसाच्या बुडाला मधोमध एकच छिद्र, बर्डनच्या रचनेत दोन बारीक छिद्रं बाजूला. नशिबाचा खेळ असा की इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात.

एवढासा फरक, पण घरच्या कारखान्याचं सगळं गणित त्यात आहे. मधलं छिद्र एक असेल तर आतून सळई घालून वापरलेली टोपी सहज ढकलून काढता येते. दोन छिद्रं बाजूला असतील तर ते जिकिरीचं काम. म्हणून अमेरिकेत वापरलेलं काडतूस पुन्हा भरण्याचा छंद फोफावला.

मुळात पितळेनेच ही सोय केली. कागदाची पुडी एकदा वापरली की संपली. पितळेची नळी बार झाल्यावर किंचित फुगते आणि सुटी होऊन हाती येते. ती आक्रसून जुन्या मापाला आणली, नवी टोपी, दारू, गोळी घातली की पुन्हा कामाला तयार. १८७० च्या दशकात अमेरिकेतले रानम्हशी मारणारे शिकारी मैलोन्‌मैल दूर, दुकानापासून आठवड्यांच्या अंतरावर. ते रात्री शेकोटीजवळ बसून दिवसाच्या रिकाम्या नळ्या भरत. बंदुका बनवणारी विंचेस्टर कंपनीच त्यासाठीची हत्यारं विकू लागली. १८८४ मध्ये जॉन बार्लोने आयडियल नावाच्या कंपनीतून सांडशीसारखं एक हत्यार काढलं. ते खिशात मावायचं.

इकडे वऱ्हाडात तेव्हा दोन जगं शेजारी-शेजारी होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, आणि वाशीम, म्हणजे तेव्हाचं बासिम, १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होतं. सातपुड्यात शिकार करणारे जेम्स फोर्साइथ यांनी बंदुका आणि गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. (वरच्या पाद्र्याशी यांचं नाव जुळतं, एवढंच.) अशा साहेबांना घरात बार भरायला कोण विचारणार? १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा आला, त्याच्या नियमांत युरोपीयांना सूट होती. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला नव्हती. लोकांना निःशस्त्र करण्याच्या या धोरणाविरुद्ध पुढे काँग्रेसनेही ठराव केले. आजच्या कायद्यातली ठासणीची बंदूक त्या काळाची उरलेली खूण वाटते. जुन्या हत्याराने नुकसान कमी होईल, हा त्यामागचा विचार असावा. मला तो अगदीच टाकाऊ वाटत नाही. दर बाराला थांबावं लागतं, हीच तिची सुरक्षितता.

अमेरिकेतली गोष्ट मात्र उलट दिशेने गेली. काडतूस भरण्याची एका टप्प्याची यंत्रं आली, मग अनेक टप्प्यांची. १९७० च्या दशकात ॲरिझोनातल्या माइक डिलन या विमानचालकाने घरात ठेवता येतील अशी अनेक टप्प्यांची यंत्रं विकायला सुरुवात केली. पुढे त्याचं नावच अशा यंत्राला चिकटलं. टेबलावर घट्ट बसवलेला सांगाडा, त्यात फिरणारी तबकडी, तबकडीभर नळ्या. एक मूठ खाली ओढली की एका जागी जुनी टोपी निघते, पुढच्या जागी नवी बसते, पुढे दारू पडते, पुढे गोळी बसते, आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर येतं. दिसायला खेळ, पण यंत्र बसवताना प्रत्येक जागेचं माप जमवण्यात तास जातात. चूक झाली तर ती दिसत नाही. एखाद्या नळीत दारू दुप्पट पडली तर बार काढणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ बंदूक फुटू शकते. ठासणीवाला एका वेळी एकच चूक करतो, कारण तो एका वेळी एकच बार भरतो. हे यंत्र चूक वेगाने करतं.

भारतात काडतूस घरी भरण्याचा छंद असा रुजला नाही, ते कारखान्यातच राहिलं. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. १९६२ च्या युद्धानंतर भुसावळजवळ वरणगावचा कारखाना उभा राहिला. २०२१ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहेत, तिचं मुख्यालय खडकीलाच. ‘शक्तिमान’ नावाची बारा बोअरची काडतुसं खडकीची. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीएवढा नळीचा व्यास. कागदी नळीची जुनी काडतुसं पावसात फुगायची आणि बंदुकीत अडकायची. अमेरिकेत १९६० नंतर प्लास्टिकची नळी आली आणि ही तक्रार हळूहळू संपली. वाशीमच्या परवानाधारकाला काडतूस हवं तर परवानाधारक दुकानातून, परवान्यावर नोंद करूनच घ्यावं लागतं.

घरचं काडतूस जास्त अचूक असतं, असं या यंत्रांचे शौकीन सांगतात. लांबच्या पल्ल्याच्या रायफलला ते बऱ्याच प्रमाणात खरंही आहे. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळालं ते .२२ च्या काडतुसांवर, आणि ती कोणत्याच घरच्या यंत्रात पुन्हा भरता येत नाहीत. पेटणारं मिश्रण त्यांत नळीच्या काठातच असतं. एकदा घोड्याचा ठोका बसला की काठ चेपतो आणि ती नळी फक्त भंगारात जाते. म्हणून या दर्जाचे नेमबाज काडतूस घडवत नाहीत, निवडतात. वेगवेगळ्या तारखांच्या खेपांमधली काडतुसं आपल्या रायफलमधून झाडून पाहतात, छिद्रं सगळ्यात जवळ कोणत्या खेपेची पडतात ते बघतात, आणि त्याच खेपेचे डबे घेऊन ठेवतात.