गरम पाण्याची कुंडे आणि प्राचीन अवशेष : संगमेश्वरची एकदिवसीय सहल

शिबिर, वर्षावास किंवा जयंतीचे कार्यक्रम आटोपले की युवकांच्या मंडळांना एक दिवस बाहेर पडावेसे वाटते. संगमेश्वर तालुक्यात त्यासाठी एकाच दिवसात दोन गोष्टी जमतात : जमिनीतून वर येणारे गरम पाणी आणि शेकडो वर्षांपूर्वीचे दगडी अवशेष.

मार्ग

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूणकडून येताना आधी आरवली, मग तुरळ आणि महामार्गापासून थोडे आत राजवाडी अशी गरम पाण्याची ठिकाणे लागतात. पुढे शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमावरचे संगमेश्वर आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर कसबा. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेचे संगमेश्वर रोड स्थानक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी कुंडे आणि दुपारनंतर कसबा असा क्रम ठेवल्यास उन्हाचा त्रास होत नाही.

पाणी गरम का?

पावसाचे पाणी भेगांमधून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि भेगांमधूनच पुन्हा वर येते. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांचा पट्टाच आहे. यात चमत्कार नाही आणि जवळ ज्वालामुखीही नाही. तुरळचे पाणी साधारण ६० अंशांच्या आसपास असते, म्हणून झऱ्याच्या तोंडाशी हात घालू नये. गंधकाच्या पाण्याने आराम वाटू शकतो, पण त्वचारोगाचे औषध बंद करून कुंडावर विसंबू नये. गर्भवती महिला, हृदयरोगी व उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. डोके पाण्याखाली घेऊ नये. साबण, शाम्पू वापरू नये.

पाणवठा सर्वांचा

कुंड मंदिराशेजारी असले की काहींची पावले अजूनही अडखळतात. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव मंजूर झाला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आज संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार सरकारी निधीतून चालणाऱ्या किंवा सार्वजनिक वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाटांवर जातीवरून कोणालाही अडवता येत नाही. कुंडावर जाताना सोबतच्या मुलांना हा इतिहास जरूर सांगावा.

कसब्यात काय पाहाल?

चालुक्य शैलीचे, काळ्या दगडातील कर्णेश्वर मंदिर आणि परिसरात विखुरलेली जुनी भग्न मंदिरे. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज याच गावात पकडले गेले. त्यांचे स्मारकही येथे आहे.

इथे एक सावधगिरी हवी. जुना दगड दिसला की "हे मूळचे बुद्धविहार" असे लिहून फोटो पाठवण्याची घाई होते. कर्णेश्वर हे शैव मंदिर आहे. पुराव्याशिवाय केलेला दावा खोडला गेला की आपल्या खऱ्या दाव्यांवरही शंका घेतली जाते. स्तूप, चैत्यगृह, भिक्खूंच्या खोल्या, बसण्याचे कट्टे, शिलालेख, मूर्तीची मुद्रा यांपैकी काय दिसते ते आधी नोंदवावे, मग बोलावे.

पुराव्यानिशी बौद्ध वारसा

तो पाहायचा तर वेगळा दिवस काढून दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीला जावे. कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. सुरुवात साधारण तिसऱ्या शतकातील हीनयान लेण्यांनी झाली, पुढे वज्रयान आले आणि नंतर शैव व नाथपंथीयांनी तिथे वस्ती केली. महाचंडरोषण या वज्रयान देवतेची मूर्ती येथे मिळाली. ११३९ च्या शिलाहार ताम्रपटात या जागेचे जुने नाव प्रणालक असे आढळते. एकाच डोंगरात पंथ कसे बदलत गेले, हे इथे डोळ्यांनी दिसते. जवळच उन्हवरे येथे गरम पाण्याचे झरेही आहेत.

निघण्यापूर्वी

- महिलांसाठी बंदिस्त स्नानाची सोय कुठे आहे, हे आधी विचारून ठेवा.
- पिण्याचे पाणी, टॉर्च, मोजपट्टी आणि वही सोबत घ्या.
- लेण्यांवर नाव, घोषणा किंवा रंग नको. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.
- मूर्तींना तेल, शेंदूर लावलेला दिसला तर स्वतः खरवडू नका. तारखेसह फोटो घेऊन पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.