निखाऱ्यांचा कारभार

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधन्याहून जळगावच्या दिशेने निघालेला लोहमार्ग शहराची गजबज मागे टाकू लागतो त्या बाजूला, डिंडोलीस लागून नवागाम ही वस्ती आहे. आणि मुलूख गुजरातचा असूनही तेथील गल्ल्यांतून जाणाऱ्याच्या कानी मराठी व अहिराणी इतक्या सहजपणे पडतात की आपण नंदुरबारच्या किंवा अमळनेरच्या एखाद्या पेठेत आहो असे वाटावे. एकोणिसावे शतक सरता सरता ताप्ती व्हॅली रेल्वेने हा मार्ग घातला, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही ठाणी एका सूत्रात ओवली, आणि पुढे त्याच सूत्राने खानदेशातील कष्टकरी कुटुंबे सुरतेच्या यंत्रमागांवर व कापडाच्या कारखान्यांत येऊन स्थिरावली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा सरहद्द अशा रीतीने पडली की नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात राहिला आणि काही गुजरातेत गेला. खानदेशी स्वयंपाकाने ती सरहद्द कधी मानली नाही.

या कुटुंबांनी आपल्या गाठोड्यांतून जे आणले त्यात विस्तवाविषयीचे एक सूक्ष्म ज्ञान होते, आणि मला जे सांगावयाचे आहे ते त्या ज्ञानासंबंधीच आहे. हिरव्या-पांढऱ्या, लांबट आणि मांसल अशा जळगावी वांग्याचे भरीत, ज्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते शेतात करावयाचे झाल्यास कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर करतात. हा जाळ क्षणात भडकतो व क्षणात उतरतो, आणि वांग्याची साल करपून आतला गर धुराने भारावेल, पण कोरडा पडणार नाही, एवढाच वेळ टिकतो. शहरात काड्या दुर्मिळ होतात आणि त्यांची जागा कोळशाची शेगडी घेते. कोळसा हा निराळ्या स्वभावाचा पदार्थ आहे: तो भडकत नाही, तो टिकतो, आणि म्हणूनच त्याचा बंदोबस्त ही निराळी विद्या ठरते. अलीकडे मांस मंद आचेवर धुरात शिजविण्याच्या कोळशाच्या धुरीभट्टीला आपोआप उष्णतामान राखणारे नियामक यंत्र जोडता येते, आणि हौशी लोक कोणते यंत्र घ्यावे याची मोठ्या उत्साहाने चौकशी करतात. माझे मत असे की या निवडीचा निर्णय यंत्रांच्या किंमतपत्रकात सापडण्याजोगा नाही. निखाऱ्यांवर माणसाने अंमल कसा बसविला याच्या इतिहासात तो आधीच दिलेला आहे.

त्या इतिहासाचे पहिले पान आपल्याकडे लोणाऱ्यांनी लिहिले. चुना भाजणे आणि कोळसा पाडणे हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय, ते लोणारी, आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांच्या रानांत सावकाराच्या किंवा ठेकेदाराच्या उचलीपायी पिढ्यान्‌पिढ्या कोळसाभट्ट्यांवर राबलेले कातकरी, यांना एक गोष्ट पुस्तकावाचून पक्की ठाऊक होती: विस्तवाला हुकूम करता येत नाही, वाऱ्याला करता येतो. लाकडे रचावयाची, पाल्याने व मातीने ती लिंपावयाची, खालून पेटवावयाची, आणि मग मोजक्या छिद्रांवर नजर ठेवून बसावयाचे. प्रथम दाट पांढरा धूर येतो. तो बहुतांशी लाकडातले पाणी होय. पुढे धूर विरळ व निळसर होऊ लागला म्हणजे छिद्रे एकामागून एक बुजवावयाची. एक छिद्र वेळेवर बुजले नाही तर अनेक दिवसांच्या श्रमांची राख होते, आणि फार लवकर बुजले तर लाकूड अर्धकच्चे राहते. अंगमेहनतीने आणि रात्रीच्या जागरणाने मिळविलेल्या या विद्येचा मोबदला त्या लोकांना कधी नीट मिळाला नाही, ही गोष्ट या इतिहासात नोंदवून ठेवलीच पाहिजे. हीच विद्या लहान प्रमाणावर सोनाराच्या बागेसरीत दिसते, जिथे फुंकणीच्या श्वासावर निखाऱ्याचा रंग बदलतो. आणि जरीच्या व्यवसायासाठी विख्यात असलेल्या सुरतेत फुंकणी व भाता यांचे राज्य फार जुने आहे.

सुरतेचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० ही शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांची साले उभी राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच काळातील सुरतेच्या स्वयंपाकघरांचीही नोंद झालेली आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली इंग्लंडहून निघून पुढे सुरतेस आला, आणि त्याने पुढे प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात इंग्रजांच्या वखारीतील भोजनाचे वर्णन केले आहे. वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तिन्ही आचारी तैनात होते. कबाबाचा प्रकार तो तपशिलाने सांगतो: मांसाचे लहान तुकडे, त्यांवर मीठ व मिरी, तेल-लसणाचा हात, मध्ये सुगंधी पाला, आणि मग सळईवर भाजणे. भाजताना तेच तेल पुनःपुन्हा लावीत. चरबी निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो तोच या पदार्थाचा खरा मसाला. आणि निखारा फार प्रखर असेल तर तो धूर कडवट होतो, हे त्या तिघा आचाऱ्यांपैकी निदान एकाला तरी उत्तम अवगत असले पाहिजे.

त्याहून जुनी आणि आजही जिवंत असलेली रीत म्हणजे पोंक. हिवाळ्यात सुरतेच्या आसपास ज्वारीची कोवळी कणसे खुडून भट्टीतील तप्त राखेत व निखाऱ्यात काही क्षण खुपसतात, बाहेर काढून कापडात बडवतात, आणि पाचूसारखे हिरवे दाणे शेवेबरोबर खातात. आपल्याकडे हाच हुरडा; फरक इतकाच की आपण तो गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळतो. हुरड्यासाठी पेरल्या जाणाऱ्या ज्वारीच्या वाणांत गुळभेंडीबरोबर ‘सुरती’ हे नाव महाराष्ट्रभर चालते, यावरून या दोन मुलखांची देवघेव किती मुरलेली आहे ते दिसून येते. वलसाडकडचे उंबाडियुं आणि रायगडची पोपटी या अशाच सख्ख्या बहिणी: मडके पाल्याने बंद करावयाचे, वालाच्या शेंगा आत, विस्तव बाहेर, आणि वाऱ्याची वाट अडविलेली.

आता या कथेचा दुसरा धागा उचलतो. १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेच्या सुवाळी बंदरावर सर टॉमस रो उतरला. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून जहांगीर बादशहाच्या दरबारी जाण्याची सनद त्याच्याजवळ होती. त्याच राजाच्या आश्रयास त्या काळी हॉलंडमधील आल्कमार गावचा एक विलक्षण कल्पक कारागीर होता. त्याचे नाव कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३). पाण्याखालून चालणारी नौका टेम्स नदीत चालवून दाखविल्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. परंतु माझ्या दृष्टीने त्याची थोरवी दुसऱ्याच एका कृतीत आहे. अंडी उबविण्याच्या पेटीसाठी त्याने अशी भट्टी केली की तिच्यातील काचपात्रात कोंडलेला मद्यार्क उष्णतेने फुगे, त्यामुळे पारा वर चढे, पाऱ्यावर ठेवलेली कांडी उचलली जाई, आणि त्या कांडीने भट्टीच्या वायुद्वाराची झडप मिटे. भट्टी निवाली की पारा उतरे आणि झडप पुन्हा उघडे. मनुष्याचा हात जवळ नसताना विस्तवाने स्वतःचा श्वास स्वतःच आवरावा, असा हा पहिलाच ज्ञात सरंजाम. ड्रेबेलने निखाऱ्याला हात लावला नाही, कोळसा कमीजास्त केला नाही. लोणारी जे छिद्र मातीने बुजवीत असे, तेच त्याने पाऱ्याकडून बुजवून घेतले.

यानंतरचा प्रवास मी भराभर सांगतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बोनमँ याने दोन भिन्न धातूंच्या कमीअधिक प्रसरणाचा उपयोग करून पाणी तापविणाऱ्या भट्टीचा वारा आवरला. १८३० साली स्कॉटलंडचा रसायनज्ञ अँड्र्यू यूर याने दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या नियामकाचे पेटंट घेतले. आणि ते कशासाठी, तर कापडाच्या गिरण्यांत उष्णतामान स्थिर राहावे यासाठी. १८८५ मध्ये अमेरिकेतील मिनिॲपोलिस येथे अल्बर्ट बुट्झ या स्विस वंशाच्या गृहस्थाने घराच्या कोळशाच्या भट्टीची झडप खोलीतील गारव्यावरून आपोआप उघडणारी युक्ती सिद्ध केली, आणि तिच्यातून पुढे हनीवेल ही प्रचंड पेढी वाढली.

परंतु उघडणे आणि मिटणे एवढ्याने काम पुरेसे नीट होत नाही. कोळसा मंदगती आहे: वारा दिला की काही वेळाने तापतो, आणि वारा बंद केल्यावरही काही वेळ तापतच राहतो. म्हणून केवळ ‘कमी झाले, उघड, जास्त झाले, मीट’ या ताकिदीवर चालणारी भट्टी सदैव वरखाली हेलकावत राहते. यावरचा उपाय जहाजांच्या सुकाणूपाशी सापडला. निकोलस मिनोर्स्की याने अनुभवी सुकाणूवाले काय करतात ते न्याहाळून १९२२ साली त्याचे गणित मांडले: सध्याची चूक किती आहे, मागची चूक किती साचली आहे, आणि चूक कोणत्या वेगाने बदलते आहे, या तिन्हींचा हिशेब एकत्र करून सुकाणू वळवावयाचे. १९४२ साली झिगलर आणि निकोल्स यांनी या तीन हिशेबांची मात्रा कशी बसवावी याचे व्यवहारी नियम दिले. आज कोळशाच्या धुरीभट्टीवर बसणाऱ्या तळहाताएवढ्या यंत्रात हाच त्रिविध हिशेब चालतो, आणि त्याच्या हुकमाने एक लहानसा पंखा निखाऱ्यांना वारा घालतो.

नवागामच्या रहिवाशाला हे नवल नाही. सुरतेच्याच पांडेसरा भागातील कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांत कोळशावर चालणारे बॉयलर आहेत, त्यांचा वारा ओढणारे व लोटणारे पंखे नियामकांच्या हुकमतीत असतात, आणि स्टेंटर यंत्रावर पॉलिस्टरची वीण पक्की करताना सुमारे १८० ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यानचे ठरवलेले उष्णतामान काटेकोरपणे राखावे लागते. यूरने ज्या गरजेतून आपली जोडपट्टी घडविली तीच गरज येथे दिवसपाळीस आणि रातपाळीस रोज भागविली जाते. आणि ती भागविणाऱ्या हातांत खानदेशी हात पुष्कळ आहेत.

तेव्हा अशा एखाद्या कामगाराने आपल्या गच्चीवरील धुरीभट्टीसाठी नियामक घ्यावयाचे मनात आणले, तर प्रथम त्याने दुकानाकडे न जाता भट्टीकडे जावे. सर्व झरोके मिटल्यावर निखारा निवतो का, हे पाहावे. निवत नसेल तर झाकणाच्या कडेतून किंवा सांध्यांतून चोरवारा शिरतो आहे, आणि जिथे वारा विनापरवाना आत येतो तिथे कितीही शहाण्या यंत्राचा अंमल चालणार नाही. प्रथम ते सांधे बुजवावेत. दुसरे असे की पंखा वारा देऊ शकतो, पण रोखू शकत नाही. तो थांबला तरी धुराड्याच्या ओढीने हवा आत सरकतच राहते. म्हणून ज्या यंत्रात पंख्याबरोबर झडपही आहे, ते मी केवळ पंख्याच्या यंत्राहून निश्चितपणे श्रेष्ठ मानतो. ड्रेबेलपासून बुट्झपर्यंत सर्वांनी झडपेवरच भर दिला, तो उगीच नव्हे. तिसरी गोष्ट पंख्याच्या आकाराची: लहान भट्टीस मिनिटाला दहा घनफुटांच्या आसपास वारा पुष्कळ होतो, आणि मोठा पंखा लावण्याच्या मोहाने उष्णतामान उसळते व राख अन्नावर बसते. उष्णतामापकाची सळई जाळीच्या पातळीवर, पण गार मांसापासून दूर असावी. झाकण उघडले की उष्णतामान एकदम पडते आणि हिशेबी यंत्र ती साचलेली चूक भरून काढण्यासाठी वारा ओतू लागते. झाकण उघडल्याची जाणीव ठेवून तेवढा काळ स्वस्थ बसणारे यंत्र निवडावे. आणि ज्या वस्तीत वीज मध्येच जाते तिथे, वीज परतल्यावर मागचा हुकूम स्मरणात ठेवून पुन्हा कामास लागणारे यंत्र असावे हे उघडच आहे.

हा सारा खटाटोप कोणत्या पदार्थासाठी योग्य, याचाही विवेक हवा. भरिताला तो नको. वांगे काही मिनिटांत होते. पोंकाला तर मुळीच नको, कारण तिथे भाजणाऱ्याची नजर कोणत्याही पंख्याहून चपळ असते. १०५ ते १२० अंशांवर आठ-दहा तास मांस ठेवून त्यातील चिवट तंतू हळूहळू विरघळू द्यावयाचे असतील, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाळीवर जावयाचे असल्याने रात्रभर भट्टीपाशी बसणे शक्य नसेल, तरच या यंत्राची खरी किंमत कळते. तरीही धुराचा रंग ते ओळखत नाही. वारा फार आखडला तर धुरासाठी निखाऱ्यांत टाकलेला लाकडाचा तुकडा नीट न जळता कडू, काजळी धूर सोडतो, आणि यंत्राच्या तबकडीवर आकडा मात्र अगदी बरोबर दिसत राहतो. म्हणून मधूनमधून धुराड्याकडे पाहिलेच पाहिजे, आणि लोणाऱ्याप्रमाणे विरळ निळसर धुराची वाट पाहिली पाहिजे.

आणखी एक ताकीद, जी मी सर्वांत अधिक कळकळीने देतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच नेतो. वारा आवरणारे यंत्र हा वायू कमी करीत नाही, उलट वाढवू शकते. नवागामच्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत थंडीच्या किंवा पावसाच्या दिवसांत भट्टी आत घेण्याचा मोह होतो. ती गच्चीवर किंवा उघड्या अंगणातच ठेवावी, पाऊस आला तर वर पत्रा धरावा, पण चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात.