पहिल्या चित्रपटाची बालस्मृति : एक उपेक्षित साधन

१

इतिहाससाधनांची प्रतवारी लावतांना अस्सल कागदास पहिलें व मागाहून रचलेल्या कथनास शेवटचें स्थान देण्याची शिस्त आपणांस विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं लावून दिली. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं बखरींतील चुका एकामागून एक उघड्या करून दाखविल्या. तथापि त्यामुळें बखरी कोणीं टाकून दिल्या नाहींत. कोणती गोष्ट बखरीस विचारावी व कोणती विचारूं नये, एवढें मात्र अभ्यासकांस कळूं लागलें. प्रस्तुत लेखांत अशाच एका हलक्या मानलेल्या साधनाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें साधन म्हणजे बालपणीं चित्रपटगृहांत पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाची आठवण होय.

विषय ऐकून कांहीं वाचकांस हंसूं येईल. आठवणी हा म्हातारपणचा विरंगुळा आहे, इतिहासाचा आधार नव्हे, असेंही कोणी म्हणतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, चित्रपटाच्या आरंभकालाविषयीं दुसरें साधन फारसें उरलेलें नाहीं. हिंदुस्थानांत मूकपटांच्या काळांत सुमारें १३०० चित्रपट निघाले. त्यांपैकीं आज पाहावयास मिळतात ते फार थोडे, आणि तेही बहुधा तुटक. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती भडकन् पेट घेई, ठेवल्या जागीं कुजे, आणि खेळ संपल्यावर तिच्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं विकलीही जाई. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, तोंपर्यंत पुष्कळसें नाहींसें झालें होतें. जें राहिलें त्यांतीलही कांहीं भाग २००३ च्या जानेवारींत पुण्यासच लागलेल्या आगींत जळाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुमारें ३७०० फूट लांबीचा होता. त्याच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच उपलब्ध आहेत, आणि तींही १९१७ सालीं पुन्हां घेतलेल्या चित्रपटाचीं असावींत असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ (१९२०) तर मुळींच उरलेला नाहीं. चित्रपटगृहांचीही तीच गत. पुण्यास मंडईजवळ बापूसाहेब पाठक यांनीं १९१५ सालीं सुरू केलेलें आर्यन थिएटर आज जागेवर नाहीं. चित्र गेलें, घर गेलें. प्रेक्षकाच्या मनांत जें राहिलें तेवढेंच आतां विचारण्याजोगें आहे.

२

परंतु विचारतांना सावधगिरी पाहिजे. मुंबईस चित्रपटाचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत झाला. ल्युमिएर बंधूंच्या वतीनें मारियुस सेस्तिए हा गृहस्थ यंत्र घेऊन आला होता. तिकीट एक रुपया होतें. सहा लहान चित्रें दाखविलीं, त्यांत स्टेशनांत आगगाडी येते असें एक चित्र होतें. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत होऊं लागले.

या आगगाडीच्या चित्राविषयीं जगभर एक कथा प्रचलित आहे. गाडी अंगावर येते असें वाटून प्रेक्षक जागा सोडून पळाले, ही ती कथा. पॅरिसमध्यें तिकीट लावून केलेला पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजीं झाला, त्या दिवशींच्या कार्यक्रमांत हें चित्र नव्हतें. आणि पुढें तें दाखविलें गेलें तेव्हांही अशी पळापळ झाल्याचा समकालीन पुरावा संशोधकांस मिळालेला नाहीं. असें असून आमच्या लहानपणीं वाड्यांतील एक वृद्ध गृहस्थ ही कथा स्वतः पाहिल्यासारखी सांगत. ते खोटें बोलत नव्हते. दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट पुष्कळदां सांगितली म्हणजे ती आपलीच होऊन बसते. बखरकारांचेंही असेंच होत असे. यावरून एक नियम काढतां येतो : जी आठवण सर्वांची सारखीच असते, तिच्याविषयीं अधिक संशय धरावा.

३

आतां जी आठवण सर्वांची नाहीं, एकाच घरची आहे, अशी एक घेऊं.

दादासाहेब फाळके यांनीं ‘नवयुग’ मासिकांत १९१७ सालीं ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेख लिहावयास आरंभ केला. मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें आपण ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें श्रीकृष्ण व श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभीं राहिलीं, असें त्यांनीं त्यांत सांगितलें आहे. वर्ष त्यांनीं १९१० दिलें असून कांहीं चरित्रकार त्या वर्षाचा नाताळ धरतात. उलटपक्षीं, फाळके यांच्या घरचा म्हणून जो वृत्तान्त प्रसिद्ध आहे, त्यांत १४ एप्रिल १९११ ही तारीख येते. त्या दिवशीं दादासाहेब आपला वडील मुलगा भालचंद्र यास घेऊन त्या चित्रपटगृहांत गेले. खेळ जनावरांचा होता. पडद्यावर जिवंत जनावरें हिंडतांना पाहून मुलगा चकित झाला व घरीं येऊन त्यानें तें आपली आई सरस्वतीबाई हिला सांगितलें. घरांत कोणाचाच विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशीं दादासाहेबांनीं सर्वांस नेलें, तों ईस्टरच्या सणामुळें जनावरें जाऊन ख्रिस्तचरित्र लागलेलें होतें.

तारखेचा विचार प्रथम करूं. १९११ सालीं ईस्टरचा रविवार १६ एप्रिल रोजीं पडला. अर्थात् १४ एप्रिल हा गुड फ्रायडे होय. त्या दिवसांत ख्रिस्तचरित्र दाखविलें जाणें साहजिक आहे. परंतु नाताळांतही तें तितकेंच साहजिक आहे. सबब केवळ सणावरून या वादाचा निकाल लागत नाहीं.

तथापि दोन्ही साक्षींचें स्वरूप पाहिलें असतां एक गोष्ट स्पष्ट होते. दादासाहेबांनीं लिहिलें तें सहा-सात वर्षांनीं, आणि एका नव्या धंद्याचा उगम सांगण्यासाठीं. त्या कथेंत जनावरांना जागा नव्हती. मुलास मात्र कांहींच सिद्ध करावयाचें नव्हतें. त्याच्या आठवणींत ख्रिस्ताआधीं जनावरें आहेत, आणि आपलें कोणीं खरें मानलें नाहीं, हें आहे. ज्या तपशिलाचा कोणासही उपयोग नाहीं, तो बनविण्याचें कारणही नसतें. म्हणून दादासाहेबांच्या मनांत चित्रपटाची कल्पना कशी आली हें त्यांच्याच लेखावरून घ्यावें. परंतु मुंबईंतील एका मराठी घरांत चित्रपटाचा शिरकाव कसा झाला हें त्या मुलास विचारावें, असें आमचें मत आहे.

मुलाच्या आठवणीचें महत्त्व याहूनही अधिक आहे. वॉटसन हॉटेलांतील खेळास तेव्हां पंधरा वर्षें होत आलीं होतीं. घरचा कर्ता पुरुष छायाचित्रकार होता, छपाईचा जाणकार होता, पुराणवस्तु खात्यांत नोकरी करून आलेला होता. अशा घरींही चालतीं चित्रें मुलाच्या तोंडून खरीं वाटलीं नाहींत. जाहिराती व तिकिटांचे दर यांवरून मुंबईस चित्रपट १८९६ सालीं आला असें म्हणतां येतें. तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत केव्हां आला, हें त्या दफ्तरांत मिळत नाहीं.

पुढचा भाग सर्वांस माहीत आहे. ३ मे १९१३ पासून गिरगांवांत कॉरोनेशन सिनेमामध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला जाऊं लागला, त्यांतील रोहिदास हा भालचंद्रच होता. रोहिदासास मृत्यु येतो म्हणून दुसरे आईबाप आपला मुलगा देईनात, असें सांगतात. ज्या आईचा विश्वास बसला नव्हता, तीच कोऱ्या फितीस भोकें पाडीत रात्री जागत असे. ज्या मुलाचें म्हणणें घरांत कोणीं खरें मानलें नाहीं, तो आतां शेंकडों मुलांची पहिल्या चित्रपटाची आठवण झाला.

४

परीक्षेची हीच रीत आम्हीं आमच्या स्वतःच्या आठवणीस लावून पाहिली, ती येथें देतों. आत्मवृत्त सांगण्याचा हेतु नाहीं. साक्ष देणारा व तपासणारा एकच असल्यामुळें उलटतपासणी सोपी झाली, एवढेंच.

आमची समजूत अशी होती : आम्हीं पाहिलेला पहिला चित्रपट आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’, स्थळ आर्यन थिएटर, वय सहा, आजोबा आम्हांस हातास धरून चालत घेऊन गेले. दिवे मालवतांच आम्ही भ्यालों, तेव्हां शेजारून एका हातानें आमचा हात धरला व खेळ संपेपर्यंत सोडला नाहीं. तो हात कोरडा, शिरा वर आलेला होता. मनगट मोकळें होतें. आईच्या हातांत बांगड्या असत, व तिचे हुंदके दुसऱ्या बाजूनें ऐकूं येत होते. वडील त्याही पलीकडे होते. सबब तो हात आजोबांचा. ही हकीकत आम्हीं साठ वर्षांवर बाळगली व मुलानातवंडांस सांगितली.

कांहीं वर्षांपूर्वीं वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या आमच्या हातीं आल्या. शके १८७५ च्या वहींत रविवार ता. २३ ऑगस्ट १९५३ खालीं पुढील नोंद आहे : “सिनेमा, तिकिटें ३ व अर्धें १, रु. १-१२-०. टांगा जातां-येतां, रु. ०-१२-०. शेंगदाणे, रु. ०-१-०.” त्यापूर्वींच्या कोणत्याही पानावर अर्ध्या तिकिटाची नोंद नाहीं. ‘श्यामची आई’ १९५३ च्या मार्चांत प्रकाशित झाला. म्हणजे चित्रपट व वय यांस बाध येत नाहीं. चालत जाणें मात्र खोटें ठरतें. आणि आजोबा? मागील शकाच्या वहींत, १९५३ च्याच फेब्रुवारींत, त्यांच्या उत्तरक्रियेचा खर्च वडिलांच्या हातचा लिहिलेला आहे. जो चित्रपट त्यांच्या मागें महिन्यानें निघाला, तो त्यांनीं आम्हांस दाखविला असणें शक्य नाहीं.

मग तिसरें पूर्ण तिकीट कोणाचें? घरांत तेव्हां वडील, आई, आजी व आम्ही एवढींच माणसें होतीं. आजीचे गुडघे दुखत; टांग्याचा खर्च त्यावरून उलगडतो, कारण वडील एरवीं मंडईस पायींच जात. राहिलें मोकळें मनगट. आजीस वैधव्य येऊन तेव्हां सहा महिने झाले होते. हातास बांगडी लागली नाहीं एवढ्यावरून आम्हीं तो हात पुरुषाचा ठरविला होता. स्पर्श खरा होता, अनुमान चुकलें होतें.

टांग्याच्या त्या बारा आण्यांत आणखीही कांहीं आहे. नुकत्याच विधवा झालेल्या, जुन्या वळणाच्या बाईस घरच्यांनीं थिएटरांत नेलें. कीर्तनाहून दूरचें तिनें तोंवर कांहीं पाहिलेलें नव्हतें. कथा साने गुरुजींची व आईच्या मायेची, म्हणूनच हें नेणें कोणास वावगें वाटलें नसावें. मराठी चित्रपट कोणत्या वाटेनें घराघरांत मान्य झाला, याचा हा एक बारीकसा पुरावा आहे. तिला स्वतःला काय वाटलें, हें विचारतां आलें असतें. आजी पुढें अठरा वर्षें आमच्याच घरांत होती. आम्हीं एकदांही विचारलें नाहीं.

५

येणेंप्रमाणें या साधनाविषयीं चार गोष्टी ठरतात. तारीख, वार, पैसा व वाट यांबाबत आठवणीवर विसंबूं नये. जाहिरातीस, पंचांगास, जमाखर्चाच्या वहीस विचारावें. अंधार, भीति, स्पर्श, घरच्यांचा अविश्वास यांबाबत आठवणीसच विचारावें, कारण तें कागदावर कधीं येत नाहीं. अनुभवलेलें कोणतें व त्यावरून मागाहून ठरविलेलें कोणतें, हें लिहून घेतांना वेगळें ठेवावें. आणि निरुपयोगी दिसणारा तपशील गाळूं नये. बहुधा तोच खरा निघतो.

मूकपट लहानपणीं पाहिलेली पिढी गेली. त्यांच्यापैकीं फार थोड्यांचें कोणीं लिहून घेतलें. १९४० व १९५० च्या सुमारास ज्यांनीं पहिला चित्रपट पाहिला तीं माणसें अद्याप आपल्या घरांत बसलेलीं आहेत, आणि ज्या थिएटरांत त्यांनीं तो पाहिला तीं एकामागून एक पाडलीं जात आहेत. सनदा व महजर पेटींत पडून राहिले तर शंभर वर्षांनींही सांपडतात. या साधनास तेवढी सवड नाहीं. ज्यांच्या घरीं अशी साक्ष असेल त्यांनीं ती विचारून, लिहून, तिच्याखालीं सांगणाऱ्याचें वय व लिहिल्याची तारीख घालून ठेवावी. घरांत जुन्या जमाखर्चाच्या वह्या असल्या तर त्या रद्दींत देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.