'सॅपोनेशियस': साबण नसलेला साबणीपणा

जुन्या वनस्पतिवर्णनात 'सॅपोनेशियस' हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा मी वहीत सरळ लिहून टाकलं, 'यात साबण आहे'. गाईडनी त्यावर लाल गोल केला. मग शोधायला बसलो.

मूळ लॅटिन शब्द 'सापो'. पहिल्या शतकात प्लिनी सांगतो की गॉल लोक चरबी आणि राख यांपासून 'सापो' करतात, आणि तो केस लाल करायला! पुढे धुण्याची वस्तू हाच अर्थ रुळला. लिनियसच्या 1753 च्या ग्रंथात रिठ्याच्या प्रजातीचं नाव 'सॅपिंडस' आहे, म्हणजे 'भारतीय साबण'.

पण साबण म्हणजे रासायनिकदृष्ट्या मेदाम्लांचा क्षार. हे शेव्रलच्या 1823 च्या संशोधनातून स्पष्ट झालं. रिठ्यात तो नसतोच. फेस येतो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन हे ग्लायकोसाइड.

म्हणजे हे विशेषण गुण सांगतं, घटक नाही: स्पर्शाला बुळबुळीत, फेसाळ. इंग्रजीत तर गोडबोल्या माणसालाही ते लावतात!

माझ्या त्या एका ओळीवरून मी रिठ्यात मेदाम्लं शोधत बसलो असतो. तेव्हा जुना संदर्भ वाचताना आधी त्याचं साल बघा, मग शब्दाचा अर्थ लावा.