चार आण्यांची वाट

जमीन मोजण्याची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाचे नाव 'आणा'. ३३ फूट लांब आणि तितकाच रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, हे शेतकऱ्याला आजही पाठ असते. साखळीतला आणा मात्र भूमापनातल्या जुन्या माणसांखेरीज कुणाच्या बोलण्यात येत नाही. मुंबई इलाख्याच्या गावनकाशांवर रस्त्यांच्या रुंदीही याच मापात बसतात. शिवेवरचा रस्ता अख्ख्या साखळीचा, ३३ फुटांचा. गाडीमार्ग १६.५ ते २१ फुटांचा. आणि पायमार्ग चार आण्यांचा, म्हणजे सव्वाआठ फूट. नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने.

या लेखाचा विषय ती एकेरी तुटक रेषा आहे.

गेली काही वर्षे मी पेण आणि रोहे तालुक्यांत सायकलवर फिरतो. हौस एवढीच, की मोटारीच्या भोंग्याविना एका जुन्या ठिकाणाहून दुसऱ्या जुन्या ठिकाणी जाता यावे. सुरुवात बहुधा गागोदे बुद्रुकपासून करतो. डोंगराच्या कुशीतले हे गाव महाराष्ट्राला विनोबांचे जन्मगाव म्हणून माहीत आहे. विनायक नरहरी भावे यांचा जन्म इथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. तिथून नागोठण्याच्या जुन्या पुलापर्यंत किंवा खाडीकाठच्या खारेपाटापर्यंत जायचे, तर वाटेचा एखादा तुकडा असा मिळतो की बैलगाडीसुद्धा आडवी येत नाही, आणि पुढच्याच वळणावर महामार्ग अंगावर येतो. सलग अशी वाट नाही. ती का नाही, हे शोधताना मी आधी फ्रान्सपर्यंत गेलो. पायांनी नव्हे, पुस्तकांनी.

फ्रान्समध्ये ज्याला 'व्हॉय व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट म्हणतात, ती मोटारींना पूर्ण बंद असते. तिच्यावर पायी चालणारे, सायकलवाले आणि काही ठिकाणी घोडेस्वार जातात. २००४ साली तिथल्या वाहतूक नियमांत तिची व्याख्याही आली. अशा वाटांतली आद्य म्हणून बरगंडीतली जिव्री ते क्लुनी ही वाट सांगतात. ती १९९७ साली खुली झाली. एका बाजूला द्राक्षमळे आणि दुसऱ्या टोकाला इ.स. ९१० मध्ये स्थापन झालेला क्लुनीचा मठ. मध्ये सुमारे ४४ किलोमीटर बिनमोटारीचा रस्ता. वाचताना हेवा वाटतो. पण हा रस्ता कुणी सायकलींसाठी आखलेला नव्हता. तो मेलेल्या रेल्वेचा रस्ता आहे. १८७९ च्या फ्रेसिने योजनेने फ्रान्सच्या छोट्या छोट्या गावांपर्यंत लोहमार्ग नेण्याचा धडाका लावला. विसाव्या शतकात बस आणि ट्रक आले, आडमार्गाच्या गाड्या रिकाम्या धावू लागल्या, मार्ग बंद पडत गेले. रूळ उचलले, पण रुळांखालची पट्टी सलग राहिली, कारण तिला कागदोपत्री एकच धनी होता. त्या धन्याकडून ती स्थानिक प्रशासनाला घेता आली. मोटारीने रेल्वे मारली आणि रेल्वेच्या अंगावरून मोटार हद्दपार झाली, असा हा उलटा न्याय आहे.

दक्षिणेकडच्या कनाल द्यु मिदीची गोष्ट वेगळी नाही. पिएर-पोल रिके याने १६६६ मध्ये सुरू केलेला आणि १६८१ मध्ये वाहता झालेला हा २४० किलोमीटरचा कालवा. त्याच्या काठाने नावा ओढणारी घोडी चालत, आणि त्या घोड्यांच्या वाटेचे बरेच तुकडे आज सायकलीखाली आहेत. इथेही आधी काम, मग मालकी, आणि काम संपल्यावर सायकल.

आता आपल्याकडे वळू. उत्तर कोकणात चाक फार उशिरा आले. बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता सर जॉन माल्कमच्या काळात, १८३० साली खुला झाला. त्याआधी मीठ, भात, कापड जे काही घाटावर चढे ते लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, आणि खाली जे काही फिरे ते बहुतेक पाण्यावरून, मचव्या-पडावांतून. धरमतरची खाडी हाच इथला हमरस्ता होता. जमिनीवरच्या वाटा अरुंद असत आणि त्यांच्या अरुंदपणावर युद्धेही जिंकली गेली. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान कुरवंड्याच्या बाजूने कोकणात उतरत असताना शिवाजीमहाराजांनी त्याला उंबरखिंडीत गाठले. मोठी फौज आणि बारीक वाट, एवढ्याच भांडवलावर तो डाव उभा होता. चौपदरी रस्त्यावर उंबरखिंड होत नाही.

नागोठण्याचा जुना दगडी पूल याच चाकाआधीच्या जगातला. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरात तो चौलच्या काझी अलाउद्दीनने १५८० च्या सुमारास, तीन लाख रुपये खर्चून बांधल्याची नोंद आहे. लांबी ४८० फूट; दोन्ही कठड्यांमधली रुंदी ९ फूट ९ इंच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन्सिलने त्याखाली रेघ ओढली. चार आण्यांच्या पायमार्गाहून तो दीड फूट जास्त, आणि गाडीमार्गाहून कितीतरी कमी. समोरासमोर आलेले दोन लादलेले बैल एकमेकांना घासून जातील, एवढीच जागा. मेट्रिक मापात हे २.९७ मीटर होतात, आणि फ्रान्समधली हिरवी वाट साधारण तीन मीटर रुंद असते. या योगायोगातून सिद्धान्त काढायचे कारण नाही. पण बैल, माणूस, घोडा आणि सायकल यांना एकमेकांच्या बाजूने जायला किती जागा लागते, याचा अंदाज सोळाव्या शतकातल्या गवंड्याचा आणि एकविसाव्या शतकातल्या इंजिनिअरचा सारखाच निघाला, हे मला फार आवडते.

मग आपल्याकडची सलग वाट कुठे आहे? माझे उत्तर आहे: खारेपाटात, बांधांवर.

पेण आणि अलिबाग तालुक्यांचा खाडीकडचा भाग हा समुद्राकडून मिळवलेला आहे. भरतीचे पाणी अडवायला बाहेरून मातीचा मोठा बांध घालायचा, पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाड्या ठेवायच्या, आत काही पावसाळ्यांत माती गोडी करून भात लावायचा. हे काम करणाऱ्यांना पेणमध्ये शिलोत्री नावाची खास धारणा मिळाली होती. शिलोत्रदाराने बाहेरचा बांध राखायचा, आणि त्या राखणीसाठी कुळांकडून धान्याच्या रूपाने वेगळी आकारणी करायची. व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. याच पट्ट्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. ज्यांनी सहा वर्षे शेते पडीक ठेवली, त्यांना जमीनदाराचे गुण कुणी सांगू नयेत. तरीही बांध फुटला तर कुणाच्या दारात जायचे, याचे उत्तर त्या जुन्या व्यवस्थेत होते, एवढे नोंदवावेच लागते.

१ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक झाले. ते व्हायलाच हवे होते. पण बाहेरचा बांध कुणा एकाच्या सातबाऱ्यात मावत नाही. गावकऱ्यांनी जोळ करून, अंगमेहनतीने तो काही काळ धरला. सरकारने १९४८ चा आणि पुढे १९७९ चा खारजमीन कायदा करून काही बांध आपल्याकडे घेतले. जिथे दोघांपैकी कुणीतरी लक्ष दिले तिथे बांध उभा आहे. जिथे प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तिथे खांड पडली, खारे पाणी आत आले आणि भाताच्या जागी खारफुटी उभी राहिली.

आणि हा बांधच माझी बिनमोटारीची वाट आहे. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला खाचरे, मध्ये उंचावर मातीचा पट्टा. हिवाळ्यात, माती सुकून घट्ट झाली की सायकल त्यावर सुरेख पळते. चारचाकी वर चढत नाही, चढली तर वळत नाही. कडेला मीठ, मासेमारी, पाखरे, उघाडीवर बसलेली दोन माणसे. पाहावे तितके थोडे. पण खांड आली की वाट तिथेच संपते. सायकल खांद्यावर घेऊन चिखलात उतरायची किंवा मागे फिरायचे. मी परत येतो, हौस दुसऱ्या दिवसावर जाते. आतल्या शेतकऱ्याचे मात्र पीक जाते, आणि मीठ मुरलेली जमीन पुढची कितीतरी वर्षे भात देत नाही. म्हणून 'खाडीकाठी सायकल ट्रॅक करा' अशी मागणी कुणी उत्साहाने केली की मला त्यात घोड्यापुढे गाडी दिसते. बांध राखा, सायकलीचे सायकल पाहून घेईल.

डोंगराकडच्या वाटांची कथा आणखी वेगळी. गावनकाशावरची एकेरी तुटक रेषा कायद्याने पोरकी नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतात जायला बांधावरून रस्ता देते. पण या कलमांसाठी तक्रारदार लागतो, आणि तक्रारदार तोच होतो ज्याचे त्या वाटेवाचून अडते. फ्रान्समध्ये रेल्वेची पट्टी निकामी झाल्यावरही टिकली, कारण मालक एक होता. आपल्याकडची पायवाट हजार लोकांची वहिवाट असते आणि वहिवाट थांबली की तिच्या बाजूने बोलणारा उरत नाही. मुले शाळेला एसटीने जाऊ लागली, मोळीविक्या थांबला, देवाची पालखी डांबरी रस्त्याने फिरली, की पाच-सात वर्षांत त्या सव्वाआठ फुटांवर फार्महाऊसचे कुंपण येते. जी वाट फार वापरात राहते तिचे डांबरी रस्त्यात रूपांतर होते. दोन्हींत वाट जातेच.

याच जिल्ह्यात माथेरान आहे, मोटारींना बंदी असलेले. त्याचे उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून सांगतो: तिथल्या शांत तांबड्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढले आहे. मोटार नसणे हे आपोआप पुण्य ठरत नाही.

आणि मोटार, रेल्वे हाताशी असून पायवाट निवडणारा माणूस गागोद्याचाच. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होते. विनोबा सेवाग्रामहून सुमारे ३०० मैल चालत गेले. आगगाडी होती. संमेलनानंतर ते तेलंगणातल्या गावांतून चालत राहिले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. पुढली तेरा वर्षे त्यांनी देश पायाखाली घातला. भूदानाच्या फलिताबद्दल मतभेद आहेत आणि असावेत. मला इथे वाटेपुरते बोलायचे आहे: ते गाडीने गेले असते तर ज्या गावांना गाडीरस्ता होता तीच गावे त्यांना भेटली असती. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' नेली, तेव्हा तरुण-तरुणी सायकलवर होत्या. पाठीच्या दुखण्याने बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे पडून बरोबर होते. पाय गेले, सायकल आली, पण वेग माणसाशी बोलता येईल एवढाच ठेवला.

रोहे तालुक्यात, कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांच्या काठाने पाटबंधारे खात्याची सेवावाट जाते. कनाल द्यु मिदीच्या सर्वांत जवळचे असे आपल्याकडे काही असेल तर ते हेच: वाहते पाणी, काठावर माती, एकच सरकारी मालक, आणि उन्हाळ्यातही हिरवी शेते. मागच्या माघात मी त्या काठाने गेलो. एका ठिकाणी पाटकरी फळी उचलून पाणी सोडत होता. "कुठं निघालात, दादा?" त्याने विचारले. मी म्हटले, "कालवा जाईल तिकडं." तो हसला आणि म्हणाला, "मग जपून जा, पुढं काठ खचलाय. साहेबांना कळवलंय, पण शेतकऱ्यांनी पोती टाकून धरलाय सध्या." मी पुढे जाऊन पाहिले. मातीने भरलेली खताची पोती तीन थरांत लावली होती, आणि त्यांवरून एक माणूस सायकल ढकलत नेऊ शकेल एवढी जागा ठेवली होती.