झोप पुरेशी झाली नाही तर दुखणं का वाढतं? ऑपरेशन, अपघातानंतर घरी आलेल्या रुग्णांसाठी माहिती

छत्रपती संभाजीनगर : कन्नड, सोयगाव, वैजापूर, पैठण अशा तालुक्यांतले अनेक रुग्ण घाटी किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार घेऊन गावी परततात. टाके सुकतात, प्लास्टर निघतं, पण रात्रीचा ठणका जात नाही. घरचे म्हणतात, "दुखतंय म्हणून झोप नाही." हे खरंच, पण झोप नाही म्हणूनही जास्त दुखतं.

शरीरात काय होतं?
अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या 2019 मधील अभ्यासात निरोगी तरुणांना रात्रभर जागं ठेवून पायाला चटका देऊन पाहिलं. जागरणानंतर मेंदूतील वेदना टिपणारा भाग जास्त चेतला आणि वेदनेला आवर घालणारे भाग मंदावले. म्हणजे चटका तेवढाच, कळ मात्र जास्त. शिवाय शरीराची झीज भरून काढणारं ग्रोथ हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं.

घरी काय करावं?
- झोपायची आणि उठायची वेळ रोज एकच ठेवा.
- रात्री दुखत असेल तर वेदनाशामक गोळीची वेळ झोपेच्या आधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः डोस वाढवू नका.
- दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका. संध्याकाळनंतर चहा टाळा.
- भेटायला येणाऱ्यांना दिवसाच बोलवा. रात्री टीव्ही, मोबाइल बंद.
- सकाळी अंगणात उजेडात बसा. डॉक्टरांनी सांगितलेली हालचाल करा.
- दुखऱ्या हातापायाला उशीचा आधार कसा द्यायचा, ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या.

हे करू नका
मेडिकलवरून मनानेच झोपेची गोळी आणू नका. झोप यावी म्हणून दारू तर अजिबात नको. तीव्र वेदनाशामक, झोपेची गोळी आणि दारू एकत्र झाली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

दवाखाना कधी गाठावा?
प्लास्टरखाली असह्य ठणका, बोटं निळी, थंड किंवा बधिर पडणं, जखमेतून पू, ताप, पोटरीला सूज, धाप लागणं, रुग्ण बरळणं किंवा उठवूनही नीट न उठणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा.

अपघाताची भीती, दचकून जाग येणं, आजाराची काळजी यामुळे झोप उडत असेल तर 'टेली-मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवस-रात्र बोलता येतं. पुढच्या तपासणीला जाताना "दुखतंय" एवढंच सांगू नका. रात्री किती तास झोप लागते, कितीदा जाग येते, तेही सांगा.