विचारल्यावाचून न उघडणारी गावे

संगणकावरील रोल-प्लेइंग खेळांतले गाव आरंभी बहुधा शस्त्रखरेदीचा थांबा असे. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’ने १९८५ मध्ये त्याला वाचनीय केले, असे आम्हांस वाटते. आठ सद्गुणांची आठ नगरे. भेटलेल्याशी बोलायचे तर खेळाडूने स्वतः शब्द टंकायचे: नाव, काम, प्रकृती. उत्तरातला एखादा शब्द नेमका हेरून पुन्हा विचारले, तरच पुढच्या गावाचा धागा हाती लागे. देवळांचे मंत्रही असेच माणसांकडून मिळवायचे. (‘मंत्र’ आणि खेळाच्या नावातला ‘अवतार’ हे शब्द संस्कृतातूनच तिकडे गेले.) वनौषधी विकणाऱ्या आंधळ्या बाईला कमी पैसे दिले, तर तिला ते कळत नसे, खेळ मात्र प्रामाणिकपणाच्या खात्यातून ते वजा करी.

२००२ च्या ‘मॉरोविंड’मध्येही वाट बव्हंशी लोकांनी सांगितलेल्या खुणांवरूनच शोधावी लागे. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने होकायंत्रावर बाण दाखवला. प्रवास सुकर झाला. पण बोलणाऱ्याचे ऐकले नाही तरी चालू लागले. संवाद उरला, त्याची गरज गेली. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आम्हांला हा ऱ्हास परका वाटत नाही: उत्तर आधीच हाती असले, की संहिताही कुणी वाचत नाही.